वर्गणी जमली, आता द्यायची कुणाला? सीमाभागातील संस्थांसाठी अनुदानवाटपाची ओळख

भाताची मळणी उरकली आणि थंडी पडू लागली की बेळगाव परिसरात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांतून ग्रंथदिंड्या निघतात, परिसंवाद होतात, कथाकथन आणि कविसंमेलने रंगतात, आणि या साऱ्याचा बराचसा भार गावची वर्गणी आणि चार दानशूर माणसे उचलतात. वर्गणी कशी गोळा करावी हे सीमाभागातल्या माणसाला कुणी शिकवण्याची गरज नाही. अडचण येते ती मांडव उतरल्यावर, हिशेब वाचून झाल्यावर आणि काही रक्कम शिल्लक राहिल्यावर. एक जण म्हणतो, भजनी मंडळाला पखवाज घेऊन द्या. दुसरा म्हणतो, मोडी वाचणाऱ्या त्या मुलाला मदत करा. तिसरा म्हणतो, बँकेत ठेवा, पुढच्या वर्षी लागतील. बहुधा तिसऱ्याचे ऐकले जाते, कारण बँकेत ठेवण्यावरून भांडण होत नाही.

पैसे कुणाला, कशासाठी आणि कोणत्या अटीवर द्यायचे हे ठरवणे हे स्वतंत्र काम आहे. जगात अनेक ठिकाणी त्यासाठी पूर्णवेळ माणूस नेमलेला असतो आणि अनुदानांबरोबर व्याख्याने, प्रदर्शने, वाचनवर्ग अशा सार्वजनिक कार्यक्रमांची जबाबदारीही त्याच्याकडेच असते. आपण त्याला सोयीसाठी ‘अनुदान व कार्यक्रम प्रमुख’ म्हणू. हा माणूस नेमके काय करतो आणि आपल्याकडच्या एखाद्या वाचनालयाला किंवा साहित्य संघाला त्याचा काय उपयोग, एवढेच येथे सांगायचे आहे.

मानव्यविद्या म्हणजे काय?

इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, लोकपरंपरा आणि कला यांच्या अभ्यासाला मिळून मानव्यविद्या म्हणतात. शब्द जड आहे, पण वस्तू घरातलीच आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेले मोडी कागद, सौंदत्तीच्या यल्लमाच्या वाटेवर मराठीत आणि कन्नडमध्ये म्हटली जाणारी गाणी, हलशीच्या कदंबकालीन देवळांवरचे कोरीव काम, खानापूरच्या कुंभारकामातील शब्द, १९८१ च्या निपाणीतील तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाच्या आठवणी, हे सगळे मानव्यविद्येचे विषय आहेत. यांतल्या पुष्कळ गोष्टींना विद्यापीठापर्यंत पोहोचण्याइतका वेळ उरलेला नाही, कारण त्या ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे ऐंशीच्या पुढची आहेत.

देणगी आणि अनुदान यांत फरक काय?

देवळाच्या पेटीत आपण रुपया टाकतो आणि पुढे विचारत नाही, ती देणगी. गवंड्याला उचल देतो तेव्हा जोते झाल्यावर इतके, भिंती लिंटेलपर्यंत आल्यावर इतके आणि स्लॅब पडल्यावर उरलेले असे ठरवून देतो. अनुदान बरेचसे या उचलीसारखे असते: ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत, हप्त्याहप्त्याने आणि हिशेबाच्या अटीवर दिलेले पैसे. उपमा येथे थोडी तुटते, कारण गवंडी आपले घर बांधतो, तर अनुदान घेणारा आपले स्वतःचे काम करतो आणि त्याचा लाभ गावाला मिळतो. म्हणून अनुदान देणाऱ्याने मालकासारखे डोक्यावर उभे राहायचे नसते, आणि दात्यासारखे पाठ फिरवायचीही नसते. मधले अंतर सांभाळणे हेच या पदावरच्या माणसाचे मुख्य कसब आहे.

वर्षभराचे काम कसे चालते?

प्रथम आवाहन निघते: यंदा कोणत्या प्रकारच्या कामाला, किती रकमेपर्यंत, कोण अर्ज करू शकतो आणि कोण करू शकत नाही. हे ‘कोण करू शकत नाही’ लिहायला बहुतेक संस्था विसरतात आणि नंतर पस्तावतात. मग अर्ज येण्याआधीची मदत सुरू होते, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा तोच आहे. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याच्याकडे काम असतेच असे नाही, आणि ज्याच्याकडे काम आहे त्या माणसाने आयुष्यात एकदाही अर्ज लिहिलेला नसतो. जांबोटीच्या बाजूची एखादी आजी दोनशे ओव्या म्हणू शकते, पण ‘प्रकल्पाची उद्दिष्टे’ असे छापलेल्या रकान्यासमोर तिच्या नातवाचाही हात थांबतो. चांगला प्रमुख अशा घरी जाऊन बसतो, काय करायचे आहे ते तोंडी ऐकतो आणि त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवायला मदत करतो. रकान्यावर साधे ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ असे छापले तरी निम्मे काम हलके होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील एका पदवीधर मुलाला आपल्या गावातील तीन घरांमधले मोडी कागद वाचून त्यांचे देवनागरी लिप्यंतर करायचे आहे. त्याने चाळीस हजार रुपये मागितले आहेत: कागदांची छायाचित्रे काढणे, अडलेले शब्द सोडवणाऱ्या जाणकाराचे मानधन, प्रवास आणि शेवटी छोटी पुस्तिका छापणे. प्रमुख त्याला चार प्रश्न विचारील. कागदांच्या मालकांची लेखी संमती आहे का? त्यांत जमिनीच्या वाटण्या निघाल्या आणि आज त्यावर भाऊबंदकी चालू असली तर काय छापायचे आणि काय नाही? छायाचित्रांच्या प्रती कुठे राहणार? आणि तुझ्या स्वतःच्या कष्टाचे मानधन अंदाजपत्रकात का नाही? हा शेवटचा प्रश्न ऐकून अर्जदार बहुधा ओशाळतो, कारण भाषेच्या कामाचे पैसे घ्यायचे नसतात अशी आपल्याकडे रीत पडली आहे. या रीतीमुळे असे काम फक्त निवृत्त माणसे आणि खात्यापित्या घरची माणसेच करू शकतात, हे मात्र कुणी बोलत नाही.

अर्ज मंजूर झाला की छोटा करार होतो. पहिला हप्ता जातो, मध्ये एक भेट होते, मग दुसरा हप्ता, आणि शेवटी अहवाल व खर्चाचा हिशेब येतो. काम रखडले तर मुदत वाढवून देता येते. पाऊस लांबला आणि मुलगा रोप लावणीत अडकला, हे कारण अनुदान रद्द करण्याचे नाही.

निवड समितीत सगळे आपलेच असतील तर?

सीमाभागातल्या कुठल्याही गावात पाच शहाणी माणसे एकत्र बसवली तर त्यांतले दोघे अर्जदाराच्या भावकीतले, एक त्याचा गुरुजी आणि एक त्याच्या मंडळाचा माजी अध्यक्ष निघतो. म्हणून ‘आमच्याकडे निःपक्षपातीपणा शक्यच नाही’ असे म्हटले जाते. ओळख टाळता येत नाही हे मान्य केले पाहिजे. पण ती लपवणे टाळता येते. ज्या सभासदाचा अर्जदाराशी नात्याचा, नोकरीचा किंवा पैशाचा संबंध आहे, त्याने तसे आधी लिहून द्यावे आणि त्या अर्जाची चर्चा होईपर्यंत खोलीबाहेर थांबावे. याला हितसंबंधांची नोंद म्हणतात. बाहेर थांबण्यात अपमान नाही; लग्नाच्या बैठकीत मुलाचे वडील जसे ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून अंगणात जाऊन बसतात, तसेच हे आहे.

त्याबरोबर तीन सवयी लागतात. निकष अर्ज येण्यापूर्वी ठरवून जाहीर करावेत, नंतर नव्हे, कारण अर्ज पाहिल्यावर ठरवलेले निकष कुणाच्या तरी मापाचे शिवले जातात. बेळगावच्या समितीत निपाणीचा आणि खानापूरच्या समितीत चिकोडीचा एखादा माणूस असावा. आणि होकार असो वा नकार, कारण लिहून ठेवावे. नकाराचे पत्र लिहिणे हे या पदावरचे सर्वांत कठीण लेखन आहे. ‘आपला अर्ज विचारात घेता आला नाही’ एवढ्या ओळीने माणूस वर्षभर दुखावलेला राहतो. ‘विषय चांगला आहे, पण ध्वनिमुद्रणे कुठे जपणार हे स्पष्ट झाले नाही, पुढच्या वर्षी त्यासह पाठवा’ असे लिहिले तर तोच माणूस पुन्हा येतो.

पैसे आणायचे कुठून?

येथे आपल्या भागाची एक खास अडचण आधी समजून घेतली पाहिजे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, म्हणजे मुंबई इलाख्याच्या काळातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला आणि पुढच्या दशकात दोन्ही राज्यांनी ग्रंथालयांसाठी वेगवेगळ्या वाटा धरल्या. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन सरकारी अनुदान सुरू केले. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्याने घरपट्टीवर उपकर बसवला, जो आता रुपयामागे सहा पैसे आहे, आणि त्यातून प्रामुख्याने सरकारी ग्रंथालये उभी केली. दोन्ही पद्धतींना आपापले तर्क आहेत. पण जुने, लोकवर्गणीचे, मराठी वाचनालय ज्या पद्धतीत सहज बसले असते ती सीमेपलीकडे राहिली आणि ज्या पद्धतीला ते उपकर भरते ती मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या वाचनालयाला जे मिळू शकते ते शेजारच्या उचगावच्या वाचनालयाला त्याच दाराने मिळत नाही, याचे कारण एवढे साधे आणि एवढे जुने आहे.

मग महाराष्ट्र सरकारकडून घ्यावे का? महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, त्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यामुळे सीमेपलीकडून येणारा प्रत्येक रुपया राजकीय चष्म्यातून पाहिला जातो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने या गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली तेव्हाही कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी आक्षेप घेतला होता. औषधपाण्याचे असे, तर पुस्तकांचे काय सांगावे. दुसऱ्या बाजूला कर्नाटकाचे सीमा प्रदेश विकास प्राधिकरण आहे, पण त्याचा भर कन्नड भाषा आणि संस्कृतीवर आहे. दोन्हीकडच्या कायदेशीर योजनांसाठी अर्ज जरूर करावा, नागरिक म्हणून तो अधिकार आहे. मात्र कोणत्याही एका सरकारच्या पैशावर संस्थेचा पायाच उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत केवळ आपल्या सीमावादातून आलेले नाही. अमेरिकेत १९६५ साली मानव्यविद्यांसाठी राष्ट्रीय निधी स्थापन झाला आणि त्याच्या पैशावर राज्यांच्या आणि प्रदेशांच्या मिळून ५६ मानव्य परिषदा चालू लागल्या. या परिषदा आलेला पैसा पुढे गावातल्या वाचनालयांना, संग्रहालयांना आणि इतिहासमंडळांना लहान अनुदानांच्या रूपाने वाटतात. मुख्य कालव्याचे पाणी चाऱ्यांनी शेतात जावे तशी ही रचना आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रातून हा पैसा अचानक थांबवण्यात आला; प्रकरण न्यायालयात गेले आणि तात्पुरता आधार म्हणून मेलन फाउंडेशन या खासगी प्रतिष्ठानाने दीड कोटी डॉलर देऊ केले. सीमावाद नसलेल्या, श्रीमंत देशातही वरचा दरवाजा बंद झाला की शेवटची चारी आधी कोरडी पडते.

सर्वांत खात्रीचा स्रोत लहान आणि कंटाळवाणा आहे: कायम निधी, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज खर्चायची ठेव. उदाहरणादाखल, दहा लाखांच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाला सत्तर हजार येतात. त्यातले दहा हजार महागाईसाठी पुन्हा मुद्दलात घातले तरी वीस-वीस हजारांची दोन अनुदाने आणि वर्षभराच्या व्याख्यानांचा खर्च निघतो. दहा लाख ही रक्कम एका माणसासाठी मोठी आहे, पण पुण्यात, गोव्यात आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या एखाद्या गावच्या दोनशे मुलांनी पाच-पाच हजार दिले तर ती पूर्ण होते.

मोठ्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हा आणखी एक मार्ग आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तर कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत वारसा, कला, संस्कृती आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. फक्त आपल्या संस्थेला आधी केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याकडे सीएसआर-१ हा नमुना भरून नोंद करावी लागते. आपल्याच राज्यात, बेंगळुरूला, १९९३ साली स्थापन झालेले इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स देशभरातील कलाविषयक संशोधनाला अनुदान देते आणि इंग्रजीशिवाय इतर भारतीय भाषांतील अर्जही घेते. आपल्याकडे ही वाट फार थोड्यांनी चोखाळली आहे.

‘एवढे कागद कशाला? आमचा माणूस प्रामाणिक आहे’

प्रामाणिक माणसालाच कागदांची जास्त गरज असते, कारण अप्रामाणिक माणूस स्वतःची सोय करून ठेवतो. संस्था कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा न्यास म्हणून नोंदलेली असावी, आणि आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून तिची वेगळी नोंद असावी. लोक या नोंदींना ‘१२ए’ आणि ‘८०जी’ म्हणून ओळखतात. ही १९६१ च्या आयकर कायद्यातील कलमे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले, तरी बोलण्यात जुनीच नावे टिकतील. पहिल्या नोंदीमुळे संस्थेचे उत्पन्न, अटी पाळल्यास, करमुक्त राहते. दुसरीमुळे देणगीदाराला सर्वसाधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही त्याने जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. दोन हजारांच्या वरची रोख देणगी या सवलतीला पात्र नसते, म्हणून पावतीपुस्तकाबरोबर यूपीआयचा फलकही टेबलावर हवा.

अनुदान देणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका धर्मादाय संस्थेने दुसऱ्या धर्मादाय संस्थेला १०० रुपये दिले तर देणाऱ्या संस्थेच्या खर्चात ८५ रुपयेच धरले जातात, असा बदल २०२३ मध्ये झाला. व्यक्तीला ठरावीक कामासाठी दिलेल्या रकमेला ही कात्री लागत नाही. त्यामुळे संस्थांना ठोक रकमा देण्यापेक्षा माणसांच्या कामाला लहान अनुदाने देणे हिशेबालाही सोयीचे पडते. पण पहिल्या वर्षी सनदी लेखापालाला विचारूनच पाऊल टाकावे.

परदेशातल्या मराठी माणसाच्या पैशाबद्दल मोठा गोंधळ आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या माणसाने दुबईहून किंवा लंडनहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय मानली जात नाही. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले त्याची देणगी मात्र परकीय ठरते, मग तो मूळचा नंदगडचा का असेना, आणि ती घेण्यासाठी केंद्रीय गृहखात्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळता करण्यासही बंदी आहे. ज्या संस्थेचा हेतूच पुढे वाटणे हा आहे, तिने या वाटेला न गेलेलेच बरे.

‘व्याख्यानाला येते कोण?’

हा आक्षेप खरा आहे. व्यासपीठावर नऊ जण आणि समोर तीस, त्यांतले दहा व्यासपीठावरच्यांचे नातेवाईक, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण बेळगावात बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाची व्याख्यानमालाही आपण पाहिली आहे, तेव्हा श्रोता उरलाच नाही असे म्हणता येत नाही. माझ्या मते दोष अनेकदा अनुदान आणि कार्यक्रम वेगळे ठेवण्यात असतो. संस्था एका हाताने संशोधनाला पैसे देते, दुसऱ्या हाताने बाहेरचा वक्ता बोलावते, आणि दोन हातांची भेट होत नाही. म्हणूनच या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच माणसाकडे देतात. ज्याला अनुदान दिले त्याचे काम हाच पुढचा कार्यक्रम, असे ठरले की वक्ता शोधावा लागत नाही आणि श्रोताही गावातच असतो.

याला सीमाभागात एक व्यावहारिक बाजूही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांना बेळगाव जिल्ह्यात येण्यास मनाई झाली होती. पलीकडच्या पाहुण्यावरच उभा असलेला कार्यक्रम अशा एका आदेशाने कोसळतो; गावच्याच माणसाच्या अभ्यासावर उभा असलेला कोसळत नाही. परवानग्या तरीही वेळेवर घ्याव्यात, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा आणि फलक लावण्यापूर्वी त्यावरील कन्नडच्या वापराचा नियम पाहून घ्यावा. यल्लमाच्या गाण्यांसारखा विषय असेल तर कार्यक्रम दोन्ही भाषांत करावा. ती गाणी मुळातच दोन्ही भाषांची आहेत, आणि कन्नड शेजारी पहिल्या रांगेत बसलेला असला की बाहेरून येणारे बरेच संशय दारातच विरतात.

मोडी कागद वाचणाऱ्या त्या काल्पनिक मुलाचा कार्यक्रम असा होईल. सभागृह घ्यायचे नाही. ज्या गल्लीतल्या तीन घरांत कागद सापडले तिथल्या देवळाच्या कट्ट्यावर, संध्याकाळी धारा काढून झाल्यावर माणसे जमतील. तो एक कागद मूळ मोडीत दाखवील, मग देवनागरीत वाचील. कुणाच्या पणजोबांनी किती खंडी भात कुणाला दिले होते, कोणत्या विहिरीवरून तंटा झाला होता, गावातल्या कोणत्या शेताचे नाव पुसले गेले, हे त्यात निघेल. मागे बसलेली एखादी म्हातारी मध्येच म्हणेल की ते नाव तसे नाही, आमच्यात त्या शेताला वेगळेच म्हणतात, आणि मुलगा वहीत दुरुस्ती करील. प्रमुखाने त्या वेळी मागे उभे राहून दोन गोष्टी टिपायच्या: किती माणसे आली, आणि त्या म्हातारीचे घर कोणते, म्हणजे पुढच्या आवाहनाच्या वेळी तिच्याकडे जाऊन बसता येईल.